ब्रँडची नियमावली: गुऱ्हाळाच्या पाटीपासून एसटीच्या रंगापर्यंत

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय ऐकायला एकदम कॉर्पोरेट वाटेल: ब्रँड गाइडलाइन्स. म्हणजे कंपनीचं नाव, चिन्ह, रंग, अक्षरं कुठे कशी वापरायची याची लेखी नियमावली. मी डिझायनर नाही, हे आधीच सांगतो. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. डिझायनरने ठरवलेली गोष्ट स्क्रीनवर जशीच्या तशी उतरवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे अशा नियमावल्या मी रोज वापरतो. आज हा विषय शिरूर आणि दौंड तालुक्यांपुरता बोलूया. रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूलसारख्या कंपन्या आहेत. त्यांची नियमावली जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून कुणीतरी लिहून ठेवलेली असते. आपल्याकडच्या गुऱ्हाळांचं, शेतकरी उत्पादक कंपन्यांचं, पनीर-तूप करणाऱ्या घरांचं काय? ते आजचं बोलणं.

छाप आणि मार्का

ब्रँड हा शब्द नवा आहे, पण गोष्ट आपल्याला जुनीच ठाऊक आहे. आपण त्याला छाप म्हणायचो, मार्का म्हणायचो. केडगावच्या बाजारात कांद्याची गोणी बघा. गोणीवर एका रंगात उमटवलेला मार्का असतो. बहुतेक वेळा तो व्यापाऱ्याचा असतो. शेतकऱ्याचा कांदा ढिगात पडला की त्याचं नाव तिथेच संपतं. पुढे कांदा कुठल्याही शहरात जाऊ दे, तिथल्या दुकानदाराला आठवतो तो मार्का. माल चांगला निघाला तर विश्वास जमा होतो मार्क्याच्या मालकाच्या खात्यावर.

म्हणून दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढतात आणि स्वतःच्या नावाची पिशवी छापतात, तेव्हा ती सजावटीची गोष्ट नसते. मालाची ओळख पहिल्यांदाच पिकवणाऱ्याच्या खात्यावर जमा व्हायला लागते. फक्त एक अट आहे. दर वेळी दिसणारी खूण तीच असली पाहिजे. प्रत्येक वेळी वेगळ्या नावाने बँकेत पैसे भरले तर शिल्लक कुठल्याच खात्यात दिसणार नाही, तसं आहे हे.

समजा, दौंड तालुक्यात एक गुऱ्हाळ आहे. रस्त्यावरची पाटी पेंटरने रंगवली, मरून रंगात. अर्धा किलोची पिशवी पुण्यात छापली, ती नारिंगी आली. व्हॉट्सॲपचा डीपी भाच्याने मोबाइलवर केला, त्यात उसाच्या जागी कुठल्यातरी रेडीमेड झाडाचं चित्र. टेम्पोवर फ्लेक्स, त्यावर नाव इंग्रजीत. चारही कामं आपापल्या जागी बरी आहेत. पण डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत त्या ताईंनी गूळ चाखला, आवडला, घेऊन गेल्या. मार्चमध्ये दुकानात तोच गूळ समोर आहे आणि त्या ओळखत नाहीत. कारण जत्रेतल्या स्टॉलवर मरून बॅनर होता आणि फळीवर नारिंगी पिशवी. गूळ दिसायला सगळ्यांचा सारखाच. ताई शेजारची पिशवी उचलतात. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही, म्हणून ते होतंय हे कळतही नाही.

एसटीकडून काय शिकायचं

आता मोठं उदाहरण, आणि तेही आपल्याच रस्त्यावरचं. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी सुटली ती पुणे ते अहमदनगर. पुणे-नगर रस्ता म्हणजे शिरूरवरूनच जाणारा. ती गाडी निळ्या-चंदेरी रंगाची होती. पुढे एसटी लाल झाली आणि इतकी लाल झाली की तिचं नावच लाल परी पडलं. लांबून धुरळ्यात लाल ठिपका दिसला की फाट्यावरची माणसं पिशव्या उचलतात. पाटी वाचायच्या आधी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर पाटीऐवजी, तो रंगच काम करतो.

१९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर तिथल्या गाड्या महाराष्ट्रात आल्या. महामंडळाच्या कागदावर ती निमआराम सेवा, पुढे तिला हिरकणी नाव मिळालं. लोकांच्या तोंडी मात्र ती एशियाडच राहिली. २०१७ मध्ये शिवशाही आली. १ जून २०२२ ला विजेवर चालणारी शिवाई धावली, तीही पुणे-अहमदनगर याच मार्गावर. प्रत्येक सेवेचं रूप वेगळं. प्रवाशाला रंग बघून कळतं की भाडं किती बसेल आणि ही गाडी आपल्या फाट्यावर थांबेल की नाही. म्हणजे इथे रंगाचा फरक माहिती देतो, तो कुणाची हौस म्हणून केलेला नसतो.

आपल्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. एक, फरक करायचा तर त्याला अर्थ हवा. गुळाची पिशवी आणि काकवीची बाटली वेगळ्या रंगाची करा, चालेल, पण मग तो फरक कायम ठेवा. दुसरी, लोकांनी जे उचललंय ते मोडू नका. गिऱ्हाईक तुमच्या गुळाला 'ती बैलजोडीवाली पिशवी' म्हणत असेल, तर नव्या डिझाइनमधून बैलजोडी उडवायच्या आधी दहादा विचार करा.

आणखी एक. एसटीच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांत होते. तीन गावं, वेगवेगळे कारागीर. तरी तिन्हीकडची गाडी एका घरची वाटते, ती काय रंग आणि कुठे काय हे ठरलेलं असतं म्हणून. ब्रँडची नियमावली लिहायची ती या माणसांसाठी. आपल्याला सगळं माहीत असतं, पण पेंटर, प्रेसवाला, फ्लेक्सवाला आपल्या डोक्यात बसलेले नसतात. ठरलेली गोष्ट त्यांच्या हातात कागदावर पडली पाहिजे.

दौंडची पाटी

दौंड जंक्शनवर उतरा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. मनमाडकडे जा, सोलापूरकडे जा, तीच पाटी. नाव मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. 'दौंड' मराठी-हिंदीत सारखंच लिहितात, त्यामुळे आपली पाटी तेच नाव दोनदा सांगते. हसू येतं, पण नियम आहे तर आहे, आणि नियम सगळीकडे सारखा आहे म्हणूनच झोपेतून उठलेल्या माणसाला खिडकीतून एका क्षणात कळतं की ही स्टेशनाची पाटी आहे, जाहिरात नाही.

ब्रिटिश काळातल्या कागदांत दौंडचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं, 'धोंड' असं वाचता येईल असं दिसतं. स्टेशनचा कोड डीडी. स्पेलिंग कुठलंही घ्या, कोडला फरक पडत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो: आतली ओळख वेगळी ठेवायची आणि लोकांना दिसणारं नाव वेगळं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. असं नाव बदललं की पाट्या, तिकिटं, बसचे फलक, ॲप, वेबसाइट सगळं बदलावं लागतं. ज्याच्याकडे 'आपलं नाव कुठे कुठे लागलंय' याची यादी आहे, त्याचं काम होतं. ज्याच्याकडे यादी नाही, त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जुनं नाव वर्षानुवर्षं राहतं.

दोन पानांची नियमावली

मोठ्या कंपन्यांची नियमावली शंभर-शंभर पानांची असते. आपल्याला दोन पानं पुरतात. त्यात काय हवं ते एकेक सांगतो.

पहिलं, नाव. नाव नेमकं कसं लिहायचं ते ठरवा, मराठीत एक रूप, इंग्रजीत एक रूप. शिरूरचंच बघा. शिरूर की शिरुर? पाट्यांवर दोन्ही सापडतात. बरोबर रूप शिरूर, दीर्घ रू. शिवाय बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आहे, म्हणून आपल्याला पत्त्यात घोडनदी लावावं लागतं. तुमच्या पिशवीवर गावाचं नाव असेल तर ते एकाच पद्धतीने लिहा. गुगलवर शोधणाऱ्याला एकच दुकान दिसलं पाहिजे, तीन नाही.

दुसरं, चिन्ह. लोगो एका रंगात उमटतो का ते आधी बघा. गोणीवर, खोक्यावर, रबरी शिक्क्यावर एकच शाई असते. छटांवर छटा असलेला लोगो तिथे नुसता डाग दिसतो. लहानात लहान किती आकारात वापरायचा ते मिलिमीटरमध्ये लिहा. चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडायची तेही लिहा, नाहीतर फ्लेक्सवर लोगोला खेटून मोबाइल नंबर येतो.

यात पैशाचाही हिशोब आहे. पिशव्यांची मोठी छपाई रोटोग्रॅव्हर पद्धतीने होते, तिथे प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो. रंग वाढले की सिलिंडर वाढले. आणि डिझाइन बदललं की जुने सिलिंडर बाजूला ठेवून नव्यांचे पैसे भरायचे. दोन रंगांत बसणारं आणि पाच वर्षं न बदलणारं डिझाइन ही छोट्या उद्योगाची सरळ बचत आहे.

तिसरं, रंग. 'गुळासारखा तपकिरी' असं सांगून भागत नाही, कारण प्रत्येकाचा गूळ वेगळा. स्क्रीनवरचा रंग लाल-हिरवा-निळा या प्रकाशातून बनतो, कागदावरचा शाईतून, आणि भिंतीवरचा डब्यातल्या ऑइलपेंटमधून. तिन्हीकडे एकाच रंगाचं वेगळं माप असतं. म्हणून प्रत्येक रंगापुढे तीन गोष्टी लिहा: स्क्रीनसाठी हेक्स कोड, छपाईसाठी सीएमवायकेचे आकडे, आणि पेंटरसाठी रंगाच्या कंपनीच्या शेडकार्डवरचा नंबर. तिन्ही तंतोतंत जुळणार नाहीत, पण जवळ येतील. पेंटर स्वतः रंग कालवून अंदाजाने करतो ते तरी थांबेल.

रंगांची जोडीही ठरवा. तपकिरी कागदावर तपकिरी अक्षरं हल्ली फार दिसतात. दिसतात छान, वाचता येत नाहीत. वेबसाठी एक जागतिक मापदंड आहे: साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा. हे मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. पिशवीलाही तोच निकष लावून बघा. चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना किंमत वाचता आली पाहिजे.

चौथं, अक्षरं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच मराठीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. 'गुऱ्हाळ' हाच शब्द घ्या. यातला ऱ्ह नीट टाइप केला नाही किंवा फॉन्ट धड नसला तर 'गुर्हाळ' होतं, ह च्या डोक्यावर रफार. आपल्याच धंद्याचं नाव आपल्याच पाटीवर चुकीचं. तसंच ल आणि श. राज्य शासनाच्या आदेशानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायचा. २००९ च्या आणि नंतर २०२२ च्या शासन निर्णयात वर्णमालेची ही रूपं दिली आहेत. पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची रूपं येतात. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही ल एकच आहेत, युनिकोडमध्ये त्यांचा कोड एकच. आकार फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, आणि वेबपानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलं की मराठी आकार येतो. एका ओळीचं काम आहे, पण ते कुणी करायचं हे नियमावलीत लिहिलेलं नसेल तर होत नाही.

फॉन्ट एकच निवडा, आणि असा निवडा की त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही नांदतील. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता असा आहे, गुगलचा नोटो सान्स आहे. दोन्ही फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा. इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात 'शिरूर' लिहिलं की वरची वेलांटी कापली जाते.

आणि हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांवर आणि आस्थापनांवर मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कितीतरी दुकानांची धावपळ झाली. लोगो फक्त इंग्रजीत बनवला होता, मराठी रूप आयत्या वेळी कुठल्यातरी फॉन्टमध्ये चिकटवलं. तुमचा लोगो पहिल्या दिवसापासून मराठीत काढून घ्या.

पाचवं, कायद्याच्या खुणा. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका हीसुद्धा एक नियमावलीच आहे, आणि अतिशय नेमकी. हिरव्या चौकटीत हिरवं वर्तुळ, चौकटीची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर व्यास किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४, २,५०० पर्यंत ६, त्यापुढे ८. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी वर्तुळ होतं, आता त्रिकोण आहे. रंग ओळखता न येणाऱ्यालाही आकारावरून कळतं. देशभर कुठल्याही पाकिटावर आपण तो ठिपका शोधतो आणि सापडतो, ते या मापांमुळे. तुमच्या डिझाइनमध्ये या ठिपक्याची, १४ अंकी फूड लायसन्स नंबरची, वजन आणि किमतीची जागा आधीच राखून ठेवा. नंतर कोंबलं की लोगोची सगळी मेहनत वाया.

सहावं, मालकी. डिझायनरकडून फक्त व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊ नका. मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्या, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पैसे दिले म्हणजे चित्राचे हक्क आपोआप आपले झाले असं होत नाही, म्हणून हक्क आपल्याला दिल्याचा एक साधा लेखी कागद करा. ट्रेडमार्कचा अर्ज करायचा तर गूळ-साखर वर्ग ३० मध्ये येते, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी झाल्याशिवाय गोलातला आर छापायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि नोंदणी एका चित्राची, पिशवीवर दुसरंच चित्र असं असेल, तर उद्या कुणी नक्कल केली तेव्हा दावा सांगताना तुमचीच अडचण.

एकच खरी प्रत

आमच्या कामातली एक सवय सांगतो. चाळीस पानांच्या ॲपमध्ये रंगाचा कोड चाळीस ठिकाणी लिहायचा नसतो. एकाच जागी लिहायचा, त्याला नाव द्यायचं, आणि बाकी सगळीकडे ते नाव वापरायचं. रंग बदलायचा झाला तर एका जागी बदलला की काम झालं. धंद्यातही तेच करा. गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर: दोन पानांची नियमावली, लोगोच्या फाइली, फॉन्ट. ज्याला काम द्यायचं त्याला त्या फोल्डरची लिंक. 'मागच्या वेळचा फोटो पाठवतो' हे बंद.

केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी वेबसाइटसाठी डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल आणलं. कारण तेच. प्रत्येक खात्याची वेबसाइट वेगळ्या घाटाची, नागरिकाला खरी कुठली आणि बनावट कुठली ते कळेना. सारखेपणा हा फसवणुकीविरुद्धचा आधारही असतो.

नेहमी येणारे दोन प्रश्न

'एवढ्याशा धंद्याला हे कशाला?' अहो, एवढासा आहे म्हणूनच. मोठी कंपनी वर्षभर जाहिरात करून विसरलेली ओळख परत आणू शकते. तुमच्याकडे जाहिरातीचे पैसे नाहीत. तुमची पिशवी, तुमची पाटी, तुमचा टेम्पो हीच तुमची जाहिरात.

'सगळं ठरवून टाकलं तर मजा काय राहिली?' मजा कुठे करायची तेही नियमावलीतच लिहा. आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी येते, तेव्हा स्वागताचा फ्लेक्स लावायचाच. त्यावर वारकऱ्यांचं चित्र काढा, हवी ती सजावट करा. नावाची अक्षरं, लोगो आणि त्याचा रंग, एवढ्या तीन गोष्टींना हात लावू नका.

आता एक घरचा अभ्यास. या आठवड्यात तुमच्या धंद्याचं नाव जिथे जिथे आहे, तिथले मोबाइलवर फोटो काढा. पाटी, पिशवी, बिलबुक, टेम्पो, डीपी, सगळे. ते ओळीने लावा आणि तुमच्या धंद्याची काही माहिती नसलेल्या माणसाला विचारा, ही सगळी एकाच घरची वाटतात का? त्याचं बोट ज्या फोटोवर अडेल, तिथून कामाला सुरुवात करा.

प्रश्न असतील तर खाली लिहा. पुढच्या भागात भेटू.